नव्या कायद्याची वाट पाहाल, तर भरपाई गमावाल

प्रश्न: माझ्या दंडावरील ग्लुकोज सेन्सरच्या नोंदी ब्लूटूथने मोबाइलमधील ॲपवर आणि तेथून कंपनीच्या सर्व्हरवर जात असत. एके दिवशी विमा एजंटाचा फोन आला आणि "रात्री तुमची शुगर खाली जाते ना?" असे त्याने विचारले. मी ॲप काढून टाकले, मोबाइलही एक्स्चेंजमध्ये दिला. डेटा संरक्षणाचा नवा कायदा पूर्णपणे लागू झाला की भरपाई मागावी, असा विचार आहे.

उत्तर: तो विचार सोडून द्या. स्मार्ट घड्याळापासून ग्लुकोज सेन्सरपर्यंतच्या उपकरणांबाबत येणाऱ्या पत्रांत हीच समजूत वारंवार आढळते आणि तिच्यापायी हातचा हक्क जाण्याची वेळ येते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, 2023 खालील नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले असून कंपन्यांवरील मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे 2027 मध्ये लागू होणार आहेत. सुरक्षेत कसूर करणाऱ्या कंपनीला 250 कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो हे खरे. परंतु तो भारताच्या संचित निधीत जमा होतो, आपल्या खिशात त्यातला एक रुपयाही येत नाही. शिवाय त्याच कायद्याचे कलम 44(2) त्याच सुमारास माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 मधील कलम 43-अ वगळणार आहे, आणि व्यक्तीला भरपाई देणारे कलम नेमके तेच आहे. आधी उद्भवलेल्या हक्काला सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, 1897 चे कलम 6 तारून नेईल असा युक्तिवाद करता येईल. पण जो वाद टाळता येतो तो ओढवून का घ्यावा?

कलम 43-अ खालील भरपाईचा अर्ज दिवाणी न्यायालयात नव्हे, तर राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाचे सचिव ज्या पदाचे काम पाहतात त्या न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे करावा लागतो. पाच कोटी रुपयांपर्यंतचे दावे तेथे चालतात. निकाल लवकर लागेल या भ्रमात मात्र राहू नका, तारखा तेथेही पडतात.

ॲप काढले म्हणजे संमती मागे घेतली असे होत नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाखालील संवेदनशील वैयक्तिक माहितीच्या 2011 च्या नियमांतील नियम 5(7) नुसार ती लेखी मागे घ्यावी लागते, आणि आपण अद्याप एक ओळही लिहिलेली नाही! आजच कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ई-मेल करा आणि तेच पत्र स्पीड पोस्टानेही पाठवा. त्यात संमती मागे घेत असल्याचे स्पष्ट लिहून आपल्या नोंदींची प्रत, त्या कोणाकोणाला दिल्या याचा तपशील आणि नियम 8 खालील वार्षिक सुरक्षा लेखापरीक्षण झाले आहे काय याचे उत्तर मागा. अधिकाऱ्याने महिन्याच्या आत तक्रारीचे निवारण करणे अपेक्षित आहे. नोंदींची प्रत हाती येण्यापूर्वी त्या पुसून टाकण्याची मागणी करू नका, कारण मोबाइल देऊन आपण निम्मा पुरावा आधीच घालवला आहे. उरलेले ई-मेल आणि स्क्रीनशॉट दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 खालील, इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून ग्राह्य ठरण्यासाठी लागणारे प्रमाणपत्र जोडावे लागेल.

माहिती कंपनीकडून फुटली, आपल्या खात्यातून की अन्य मार्गाने, हे कागद पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. "सहयोगी संस्थांना माहिती देण्यास" आपण ॲपमध्ये मान्यता दिलेली असल्यास कंपनी तिचाच आधार घेईल. एजंटाचा क्रमांक आणि फोन आल्याची तारीख व वेळ मात्र आठवते तेवढी आजच लिहून काढा.