साखरेचं पाणी निळंच का राहिलं?

प्रश्न : मुलगी नववीत आहे. शाळेत बेनेडिक्टची टेस्ट केली (तांबं असलेलं निळं द्रावण घालून गरम करायचं, ग्लुकोजसारखी साखर असली की विटकरी होतं) तर साखरेचं पाणी निळंच राहिलं, उसाचा रस मात्र विटकरी झाला. साखर उसाचीच ना? आणि दुधात भेसळ म्हणून घातलेला स्टार्च (पिठातला पिष्ट पदार्थ) घरी कळतो का? – एक पालक, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, मुलीने एकदम बरोबर पाहिलंय! बेनेडिक्टमधल्या तांब्याशी रिअ‍ॅक्शन करायला ग्लुकोजसारखी साखर लागते, आपली डब्यातली साखर म्हणजे सुक्रोज, तिच्यात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज एकमेकांना असे चिकटलेले असतात की तांब्याशी रिअ‍ॅक्शन करणारी टोकंच अडकून बसतात. रसात मात्र थोडं सुटं ग्लुकोज असतंच, रस ठेवून दिला तर अजून वाढतं. सरांना सांगा, साखरेच्या पाण्यात थोडं पातळ हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड घालून उकळा, मग सोड्याने अ‍ॅसिड मारा आणि पुन्हा टेस्ट करा, विटकरी येईल. परीक्षानळी मात्र गरम पाण्यातच धरायची, थेट आचेवर नको, अंगावर उडतं.

आता दूध. बेनेडिक्टने दुधातली भेसळ शोधू नका, दुधात लॅक्टोज (दुधाची स्वतःची साखर, टेस्टमध्ये ग्लुकोजसारखीच वागते) असतंच त्यामुळे चांगलं दूधसुद्धा रंग बदलतं. स्टार्चसाठी २-३ मिली दूध ५ मिली पाण्यात उकळा, पूर्ण गार करा आणि टिंक्चर आयोडीनचे २-३ थेंब टाका, निळं झालं की स्टार्च आहे. गार करणं खरंच महत्त्वाचं, गरम असताना निळा रंग टिकत नाही आणि भेसळीचं दूध पास होऊन जातं. आधी ज्वारीचं पीठ पाण्यात उकळून, गार करून त्यावर आयोडीन टाकून बघा, म्हणजे निळा कसा दिसतो ते मुलीला कळेल. टेस्टचं दूध लगेच ओतून द्या.