ओरिगामीने, म्हणजे कागद दुमडून आकार करण्याच्या जपानी कलेने, मन खरंच शांत होतं का? सुरुवात कशी करावी?

होतं. पण ध्यानाला बसल्यासारखं नाही. हात गुंततात आणि डोक्यात जे एकच एक घोळत असतं ते थांबतं. मला ध्यान कधी जमलं नाही, डोळे मिटले की सगळ्या काळज्या हजर.

आई आयसीयूत होती तेव्हा बाहेर बसून मी मिळेल तो कागद चौकोनी फाडून क्रेन, म्हणजे कागदी क्रौंच पक्षी, करायचे. त्यात एक पेटल फोल्ड येतो, दोन्ही कडा मधल्या रेषेवर आणून नखाने घड्या पाडायच्या, उघडायच्या आणि मग खालच्या टोकाचा फक्त वरचा पदर उचलायचा, की बाजू आपोआप आत वळतात. घडी जराशी सरकली तरी पुढे चोच जाड होते, म्हणून तेवढा वेळ दुसरं काही सुचतच नाही. तर दादा सगळ्यांसमोर म्हणाला, "आई आत आहे आणि तू पोरखेळ करत बसलीस?" तो स्वतः फोनवर एकेक रिपोर्ट शोधून आणखी घाबरत होता. डॉक्टर बाहेर आले तेव्हा औषधं, डोस, पुढच्या टेस्ट, सगळं नीट ऐकून लिहून घेतलं ते मी.

आणि पोरखेळ कसला? जपानचे नावाजलेले ओरिगामी कलाकार अकिरा योशिझावा कारखान्यात नवीन कामगारांना भूमिती शिकवायचे ती कागद दुमडूनच. १९९५ मध्ये जपानने सोडलेल्या उपग्रहाचं सोलर पॅनेल मिउरा घडीने, म्हणजे एका ओढीत उघडणाऱ्या-मिटणाऱ्या घडीने, मिटवलेलं होतं.

सुरुवात पातळ कागदाने करा, जाड कागदाच्या घड्या फुगतात. व्हिडिओपेक्षा आकृत्या बघून शिका, फोन हातात आला की संपलंच सगळं. एकच मॉडेल न बघता जमेपर्यंत करा, रोज नवीन कशाला.

हां, हा काही उपचार नाही. झोप उडाली असेल, खूप दिवस उदास वाटत असेल तर डॉक्टरकडेच जा. बोटं दुखत असतील तर मोठा कागद घ्या.

घरचे नावं ठेवतील, ठेवू देत. गप्प बसून हाताने काहीतरी करणारा माणूस बेफिकीर असतो असं ज्यांना वाटतं त्यांना समजावत बसू नका. दादा इथे वाचतो कधी कधी, त्यानेही हे वाचावं, मी तेव्हा बेफिकीर नव्हते.