घोरणं थांबलं, पण श्वास?

प्रश्न : वय ४६. झोपेत श्वास अडतो (स्लीप अ‍ॅप्निया). झोपेतला श्वास तपासणाऱ्या स्लीप स्टडीत एएचआय २२ आला. हवेच्या दाबाने घशातली वाट उघडी ठेवणाऱ्या सीपॅप यंत्राचा मास्क तीन महिने लावून पाहिला, पण झोपेत मीच तो ओढून काढतो. दंतवैद्य जबड्याचं उपकरण सुचवतात, कान-नाक-घशाचे सर्जन टाळूचं ऑपरेशन. कुणाचं ऐकू?

उत्तर : एएचआय २२ म्हणजे झोपेत तासाला सरासरी २२ वेळा तुमचा श्वास किमान १० सेकंद थांबतो किंवा अपुरा पडतो. १५ ते ३० हा मध्यम गट. तुमच्या टॉन्सिल्स फार मोठ्या नसतील, तर आधी उपकरण वापरून पाहा. ते जमलं नाही तर काढून ठेवता येतं, टाळूचा कापलेला भाग परत आणता येत नाही.

उपकरण खालचा जबडा पुढे धरून ठेवतं, त्याबरोबर जीभ पुढे येते आणि घशातली वाट रुंदावते. त्यासाठी वर-खाली प्रत्येकी आठ-दहा घट्ट दात आणि निरोगी हिरड्या हव्यात, शिवाय जबडा पाच-सहा मिलिमीटर तरी पुढे सरकायला हवा. दातांचं माप देऊनच बनवून घ्या. गरम पाण्यात मऊ करून चावायचं तयार उपकरण नीट धरत नाही, रात्री निसटतं. जबडा जास्तीत जास्त जितका पुढे जातो त्याच्या साधारण निम्म्यावर सुरुवात करतात. मग दंतवैद्य सांगतील तसं, एका वेळी पाव ते अर्धा मिलिमीटर. इथे घाई केली की कानापुढचा सांधा दुखू लागतो आणि उपकरण कपाटात जाऊन पडतं.

खरी फसगत पुढे होते. घोरणं बंद झालं की घरचे खूश होतात आणि तपासणी राहून जाते. आवाज थांबूनही श्वास अडत राहू शकतो. म्हणून उपकरण तोंडात ठेवून स्लीप स्टडी पुन्हा करा, ती टाळूच नका.

आता ऑपरेशन. टॉन्सिल्स एकमेकींना टेकायला आल्या असतील, तर त्याचं पारडं जड होतं. पण वाट जिभेमागे बंद होत असेल, तर नुसती टाळू आवळून फारसं हाती लागत नाही. अडथळा नेमका कुठे आहे हे पाहण्यासाठी औषधाने झोपवून नाकातून दुर्बीण घालतात. ही तपासणी कराल का, असं सर्जनना थेट विचारा. ‘यश’ म्हणजे काय तेही विचारा. शस्त्रक्रियेच्या अभ्यासांत एएचआय निम्म्यावर आणि २० च्या खाली आला की बहुधा यश धरतात. तुमचा २२ चा ११ झाला तरी ते ‘यश’, आणि आजार मात्र शिल्लक! टाळूच्या ऑपरेशननंतर दोनेक आठवडे गिळताना चांगलंच दुखतं, आठवडाभराने खपली सुटताना रक्त येऊ शकतं, काहींच्या नाकातून पाणी परत येतं. दोन्ही जबडे कापून सुमारे १० मिलिमीटर पुढे आणण्याचं ऑपरेशन बरंच जास्त गुणकारी आहे, पण मोठं आहे. हनुवटी-ओठ बधिर राहण्याचा धोकाही त्यात असतो.

नाक चोंदलेलं असेल तर ते आधी दाखवा. नाकाच्या ऑपरेशनने एएचआय सहसा फारसा उतरत नाही, पण मास्क सहन होऊ लागतो. तुम्ही तो ओढून काढता त्याचं कारण कदाचित तेच असेल.

प्रश्न : उपकरण लावल्यापासून सकाळी दाढा जुळत नाहीत. वापर बंद करू का?

उत्तर : लगेच नको. जबडा रात्रभर पुढे राहिल्याने तसं होतं. सकाळी उपकरण काढल्यावर दंतवैद्याकडून मिळणारा चावण्याचा साचा दहा-पंधरा मिनिटं दातांत धरा, मागच्या दाढा टेकेपर्यंत हळूहळू दाबा. दुपार झाली तरी चावा बसत नसेल, तर उपकरण घेऊनच दंतवैद्याकडे जा. जबडा थोडा मागे घेऊन बघता येतो. काही वर्षांच्या वापराने वरचे पुढचे दात आत आणि खालचे बाहेर झुकतात, आणि हा बदल कायमचा ठरू शकतो. म्हणून सुरुवातीचा दातांचा साचा जपून ठेवायला सांगा. दरवर्षी त्याच्याशी ताडून पाहिलं की फरक वेळेत कळतो.