संगणक इंग्रजीत वापरतो, मराठीही नीट उमटतं. मग मराठी लोकेल, म्हणजे भाषा आणि प्रदेशाच्या लेखनपद्धतींची सेटिंग, वेगळं लावायची गरज काय?

गरज आहे. मेनू मराठीत दिसावा म्हणून लोकेल लावतात, हा समज आधी काढून टाका. अक्षर उमटवणं फॉन्टचं काम. कोणतं अक्षर कोणाच्या आधी, तारीख कशी लिहायची, स्वल्पविराम लाखावर की दशलक्षावर, हे लोकेलकडून येतं.

बारा-तेरा वर्षांपूर्वी मी एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर सांभाळत होतो. निवडणूक लागली, सभासदांची मतदारयादी छापायची होती. सर्व्हर लिनक्सचा, लोकेल मूळचंच 'सी', म्हणजे युनिकोडनं संगणकासाठी प्रत्येक अक्षराला दिलेल्या क्रमांकांप्रमाणे सरळ मांडणी. युनिकोडात ळ बसलाय लच्या शेजारी. आपल्या वर्णमालेत तो हनंतर येतो. क्षला तर स्वतंत्र जागाच नाही. क, हलन्त आणि ष असे त्याचे तीन तुकडे, त्यामुळे सगळे क्षीरसागर खरातांच्या आधी, कच्या घोळक्यात. पहिली प्रत हातात आल्या आल्या मी वरिष्ठांना दाखवलं. ते म्हणाले, "देवनागरी ती देवनागरी. फार तर हिंदीचं लोकेल लाव." यादी तशीच छापली गेली.

मतदानाच्या दिवशी एक निवृत्त गुरुजी आले, आडनाव क्षने सुरू होणारं. टेबलावरच्या मुलानं यादीचं शेवटचं पान उघडलं. हनंतर काहीच नाही. "गुरुजी, तुमचं नाव नाही." सत्तरीचा माणूस भर उन्हात घरी जाऊन शेअर सर्टिफिकेट घेऊन आला. तोवर मला फोन गेला होता, नाव सापडलं, मतही झालं. मी माफी मागितली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "ह, ळ, क्ष, ज्ञ. पहिलीत शिकवतो रे आम्ही हे." त्या रात्री बसून मी ळ, क्ष, ज्ञ हनंतर लावणारा कोड स्वतः लिहिला.

हिंदीचं लोकेल लावा म्हणणाऱ्यांना माझा सरळ प्रश्न आहे. हिंदीच्या रोजच्या वर्णमालेत ळ नाहीच, मग त्याची जागा हिंदी कशी सांगणार? अंकांचंही तेच. युनिकोडच्या सीएलडीआर या लोकेल-माहितीसाठ्यात मराठीचे मूळ अंक देवनागरी आहेत, हिंदीचे इंग्रजी. आपला पाकळीचा ल आणि देठाचा श हिंदीतल्या ल-शपेक्षा वेगळे दिसतात. काही फॉन्टांत दोन्ही रूपं असतात आणि मजकुराची भाषा मराठी सांगितली तरच आपली मिळतात. लिपी एक असली म्हणून भाषा एक होत नाही. कोकणी आणि नेपाळीही देवनागरीत लिहितात.

तुमच्यापुरतं सांगायचं तर मेनू खुशाल इंग्रजीत ठेवा. लिनक्सवर एलसी_मेसेजेस (मेनू आणि संदेश) इंग्रजी आणि एलसी_कोलेट (क्रमवारी), एलसी_टाइम (तारीख-वेळ) मराठी असं वेगवेगळं लावता येतं. फक्त एलसी_ऑल रिकामं ठेवा, ते बाकी सगळ्यांवर मात करतं. विंडोजमध्येही दिसण्याची भाषा आणि प्रादेशिक मांडणी या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत.

एक राहिलं. डेटाबेसची क्रमवारी बहुतेक वेळा त्याची स्वतःची असते, सिस्टीमचं लोकेल बदलून ती आपोआप बदलत नाही. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टातला मजकूर असेल तर लोकेलचा काहीच उपयोग नाही, आधी रूपांतर करा. आणि मराठी लोकेल लावलं म्हणजे क्रम बरोबरच येईल असंही धरू नका, आवृत्तीगणिक फरक पडतो. माझे ते वरिष्ठ अजून नव्या मुलांना हिंदीच लावायला सांगतात म्हणे. त्यांच्या हाताखाली असाल तर यादी छपाईला देण्याआधी चार आडनावं लावून बघा. कावळे, काळे, खरात, क्षीरसागर असा क्रम आला तरच पुढे जा. काळे आधी आणि क्षीरसागर खरातांच्या वर आले, तर छपाई थांबवा.