‘हागिआस्मोस’ अभ्यासताना कुठून सुरुवात करावी

सुरुवात कोशापासून करू नका, वचनांपासून करा. ‘हागिआस्मोस’ हा ‘पवित्रीकरण, पावित्र्य’ या अर्थाचा ग्रीक शब्द बायबलच्या नव्या करारात फक्त 10 वेळा येतो, त्यामुळे सगळी स्थळं एका बैठकीत वाचून होतात. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारा: इथे पावित्र्य देव देतो आहे की माणसाने त्याच्यामागे लागायचं आहे? 1 करिंथ 1:30 मध्ये ख्रिस्त स्वतःच आपलं पवित्रीकरण झाला आहे. इब्री 12:14 मध्ये त्याचाच पाठलाग करायला सांगितलंय. या दोन्ही बाजू धरून ठेवा. एक सोडली की अर्थ लंगडा होतो, आणि नवशिके बहुतेक इथेच घसरतात.

मूळ विशेषण ‘हागिओस’, म्हणजे ‘पवित्र’. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात ते हिब्रू ‘कादोश’साठी येतं, म्हणून त्यात आधी ‘देवासाठी वेगळं काढलेलं’ हा अर्थ आहे, नैतिक शुद्धता त्यामागून येते. निर्गम 3:5 मध्ये जमिनीलाही पवित्र म्हटलंय, ती काही सदाचारी नव्हती! 1 करिंथ 7:14 तर जरूर पाहा: विश्वास न ठेवणारा नवरासुद्धा पत्नीमुळे ‘पवित्र झालेला’ म्हटलाय. तिथे निव्वळ ‘शुद्ध आचरण’ हा अर्थ बसतच नाही.

‘अ’ म्हणजे नाही, ‘गे’ म्हणजे पृथ्वी, अशी ‘हागिओस’ची फोड कुणी सांगितली तर सोडून द्या. शब्दाच्या आरंभी ‘ह’चा उच्चार आहे, तो नकारार्थी ‘अ’ नव्हे.

लूक 1:75 आणि इफिस 4:24 मात्र या यादीत घालू नका. तिथला शब्द ‘होसिओतेस’, त्याचाही अर्थ ‘पावित्र्य’, पण तो वेगळ्या धातूचा.