रागीट पाळीव अजगर घ्यावा का?

प्रश्न: मित्राकडचा चार फुटी बॉल पायथन फार रागीट आहे, महिन्यातून दोन-तीनदा चावतो. मित्र तो कुणाला तरी देऊन टाकणार आहे. मी घ्यावा का? आणि तो शांत व्हायला किती दिवस लागतील?

उत्तर:

‘रागीट’ हा शब्द वाचला आणि लिहायला बसलो. पाच वर्षांपूर्वी माझ्या मावसभावानं हाच शब्द वापरला होता. त्यावरून आमचं जे बिनसलं ते अजून नीट झालेलं नाही.

दादाकडे बॉल पायथनची मादी होती, साधारण तुमच्या मित्राच्या सापाएवढीच. एका महिन्यात तीनदा चावली. तिसऱ्यांदा तिनं मनगट धरलं, हाताला दोन वेढे घातले आणि सोडेचना. दादानं घाबरून हात हिसकला. अजगराचे दात सुईसारखे बारीक आणि घशाकडे वळलेले असतात, त्यामुळे ओढलं की कातडी फाटते आणि सापाचे दातही तुटतात. तसंच झालं. (असं कधी झालं तर ओढू नका, सापाच्या तोंडावर गार पाणी सोडा, तो सोडतो.) त्या रात्री दादाचा फोन आला, ‘हिनं माझ्यावर डूख धरलाय. घेऊन जा, नाहीतर कुठेतरी सोडून येतो.’

साप डूख धरत नाही. असा मनात राग साठवून ठेवणारा मेंदूच त्याच्याकडे नाही. हे मी दादाला तेव्हाही सांगितलं आणि त्यावरून आमचं पहिलं भांडण झालं.

मी तिला आणायला गेलो तेव्हा सगळा उलगडा झाला. चारी बाजूंनी उघडी काचेची पेटी, तीही माणसांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर. आत लपायला एकही जागा नाही. वर दिवसरात्र जळणारा दिवा, ऊब ठरावीक अंशावर राखणारा थर्मोस्टॅट नाही. हा प्राणी पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. तिथे तो दिवसभर उंदरांच्या बिळांत नाहीतर वाळवीच्या वारुळांत दडून बसतो. भीती वाटली की अंगाचा चेंडू करून डोकं आत लपवतो, म्हणून तर त्याला ‘बॉल’ म्हणतात. अशा जिवाला उजेडात, उघड्यावर ठेवायचं आणि तो फुत्कारला की त्याला रागीट ठरवायचं? त्यात दादा पेटी उघडायचा तो फक्त खायला घालायला, आणि उंदीर बोटांत धरून. अजगराच्या ओठांवर उष्णता जाणवणारे खळगे असतात. झाकण उघडलं, उंदराचा वास आला, समोर ऊबदार काहीतरी हललं. तिनं झेप घेतली तर तिचं काय चुकलं? दादानं तिचं नाव ‘चंडी’ ठेवलं होतं. ते मी पहिल्याच दिवशी टाकून दिलं.

चावणं दोन तऱ्हांचं असतं, आणि तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यात आहे. मान इंग्रजी ‘एस’सारखी मागे खेचलेली, फुत्कार, मग झटकन चावून लगेच सोडणं, ही भीती. गुपचूप येऊन धरणं, वेढे घालणं आणि न सोडणं, ही भूक. मित्राला विचारा, चावल्यावर सोडतो की धरून ठेवतो? त्याला सांगता आलं नाही, तर त्यानं सापाकडे कधी नीट पाहिलेलंच नाही.

माझ्याकडे आल्यावर पहिल्याच आठवड्यात मीही चावून घेतलं. पाण्याचं भांडं बदलताना हात वरून आत घातला. सापावर वरून येतात ते शिकारी पक्षी. अंगठ्याच्या मुळाशी लाल ठिपक्यांची कमान उमटली, तिनं क्षणात सोडलं आणि कोपऱ्यात जाऊन बसली. साबणानं हात धुतला, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं. दुखलं फारसं नाही. कोपऱ्यात तिच्या अंगाच्या बरगड्या भराभर वरखाली होताना दिसत होत्या, ते मात्र बघवत नव्हतं.

पेटीच्या तीन बाजूंना पुठ्ठा लावला. दोन लपणी ठेवली, एक ऊबदार टोकाला, एक थंड टोकाला, दोन्ही अंगाला घट्ट बसतील अशी. एका टोकाला ३१-३२ अंश सेल्सिअस, दुसऱ्याला २५-२६, थर्मोस्टॅट लावून. मग दोन आठवडे हातच लावला नाही. ती खाईना. सात आठवडे खाल्लं नाही तेव्हा मी रडकुंडीला आलो होतो. हे साप कित्येक महिने उपाशी राहतात हे ठाऊक होतं, म्हणून दर आठवड्याला फक्त वजन बघत होतो. मग लक्षात आलं की ती सारखी पाण्याच्या भांड्यात बसून असते, आणि तळाशी मिरपुडीसारखे काळे कण. ते सापांच्या अंगावरचे माइट्स होते. खवल्यांच्या फटीत, डोळ्यांच्या कडेला बसून रक्त पिणारे. दादाकडे ती महिनोनमहिने हे सोसत होती आणि तो म्हणत होता, डूख धरलाय. पशुवैद्यांकडे नेलं, पेटी रिकामी करून नुसता कागद अंथरला, औषध चाललं. शेवटचा माइट दिसेनासा झाल्यावर नवव्या दिवशी तिनं उंदीर घेतला, आधी गोठवलेला, मग कोमट केलेला, लांब चिमट्यानं दिलेला.

त्यानंतर एकच शिस्त पाळली. उचलायचं असेल तर आधी हुकानं (साप उचलायच्या आकड्याच्या काठीनं) अंगाला हलकेच स्पर्श, म्हणजे आज जेवण नाही हे तिला कळतं. खाल्ल्यावर ४८ तास हात नाही. डोळे निळसर धुरकट झाले, म्हणजे कात टाकायची वेळ आली, की तेव्हाही नाही. पाचव्या महिन्यात ती पहिल्यांदा माझ्या हातावरून जीभ लपलपवत सावकाश सरकली.

किती दिवस लागतील, याचं उत्तर मी देणार नाही. जो कोणी ‘महिन्यात माणसाळतो’ म्हणेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. काही साप जन्मभर हात लावू देत नाहीत. तरीही ते नीट जगतात, साफसफाईच्या वेळी हुकानं दुसऱ्या डब्यात हलवले की झालं. तुम्हाला अंगाखांद्यावर घेण्यासाठीच साप हवा असेल तर हा घेऊ नका. बघत राहण्यात समाधान असेल तर घ्या, पण वीस-तीस वर्षांची तयारी ठेवून. आणि मित्र बाहेर सोडायचं म्हणत असेल तर त्याला सरळ अडवा. अमेरिकेत फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्स या दलदलीत पाळीव बर्मी अजगर बाहेर गेले आणि तिथले ससे, रॅकून दिसेनासे झाले.

हे सगळं बॉल पायथनपुरतं. जाळीदार किंवा बर्मी अजगरासारखा मोठा साप रागीट असेल तर एकट्यानं हात घालायचाच नाही, दुसरा जाणता माणूस शेजारी हवा. विषारी साप तर घरात नकोच. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर साल्मोनेलामुळे, म्हणजे सापांकडून माणसाला लागणाऱ्या पोटाच्या जंतूंमुळे, मी नाहीच म्हणेन. तुमच्याकडच्या कायद्यात हा साप पाळायला परवानगी आहे का, ते आणण्याआधी बघा. आधीचे साप असतील तर नव्याला तीन महिने वेगळ्या खोलीत ठेवा. साप मान मागे टाकून वर बघत राहत असेल, किंवा उताणा झाल्यावर त्याला सुलटं होता येत नसेल, तर तो राग नव्हे, मेंदूचा आजार असू शकतो. पशुवैद्यांना दाखवल्याशिवाय घेऊ नका.

आणि एक. ती शांत झाल्यावर दादा आला होता. तिला हातावर घेऊन अर्धा तास बसला आणि म्हणाला, ‘बघ, आजारी होती म्हणून चावायची. माझं काही चुकलं नव्हतं. आता परत दे.’ मी म्हणालो, ‘दादा, आजार तुझ्या पेटीत झाला होता.’ तो उठून गेला. मी दिली नाही, आजही देणार नाही. तुम्ही मित्राकडून साप घेताना हे आधीच लिहून घ्या, की साप कायमचा दिला, परत मागणार नाही. मी लिहून घेतलं नव्हतं. अजून मावशीच्या घरी आम्ही दोघं एका वेळी जात नाही.