मॉरल डिलेमा: धर्मसंकट, पेच की द्विधा?

प्रश्न असा आहे की सुपरहिरोच्या सिनेमांवर लिहिताना 'मॉरल डिलेमा'ला काय म्हणायचं, 'धर्मसंकट' फार पौराणिक वाटतं तर 'नैतिक द्विधा' चालेल का.

द्विधा नको. द्विधा मनाची होते, प्रसंगाची नाही, आणि दोन शर्टांपैकी कुठला घालू यावरूनही होते. शिवाय डिलेमात माणूस गोंधळलेलाच असतो असं कुठंय? 'इन्फिनिटी वॉर'मध्ये (२०१८) वांडा एका हाताने खलनायक थॅनॉसला थोपवून धरते आणि दुसऱ्या हाताने व्हिजनच्या कपाळावरचा मणी फोडते, तो थॅनॉसच्या हाती लागू नये म्हणून, ज्याच्यावर जीव जडलाय त्यालाच मारतेय आणि तोच तिला कर म्हणतोय. तिचं ठरलंय, मनात द्विधा बिधा काही उरलेली नाही, पण म्हणून संकट टळलं थोडंच.

हे धर्मसंकट. इथला धर्म म्हणजे पूजाअर्चा नव्हे, कर्तव्य. दोन्ही कर्तव्यं खरी आणि एक पाळायला गेलं की दुसरं मोडतंच. 'सिव्हिल वॉर'मध्ये (२०१६) सुपरहिरोंना संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली आणणाऱ्या ११७ देशांच्या करारावर सही करायची की नाही यावरून सगळे भांडतात आणि त्याला सर्रास डिलेमा म्हटलं जातं, पण टोनीला (आयर्न मॅन) करायचीये, स्टीव्हला (कॅप्टन अमेरिका) नाही, दोघंही ठाम, मग हे साधे मतभेद झाले की. खरं धर्मसंकट स्टीव्हच्या पोटात दडलेलं असतं. टोनीच्या आईवडलांचा अपघात नव्हता, तो खून होता हे त्याला माहितीये, आणि बोट त्याच्या जुन्या मित्राकडे, बकीकडे जातंय. बोलावं तर जुना मित्र जाईल, गप्प बसावं तर टोनीशी दगा.

पेच वेगळा, तो सुटू शकतो. २००२च्या 'स्पायडरमॅन'मध्ये खलनायक गॉब्लिन पुलावर एका हातात मेरी जेन आणि दुसऱ्या हातात पोरांनी भरलेल्या केबलकारची तार धरून विचारतो की कुणाला वाचवतोस, आणि हा पठ्ठ्या सगळ्यांनाच वाचवतो. सुटला, संपला. आणि पेच टाकणारा कुणीतरी असतो, कात्रीत नाहीतर कोंडीत कुणीतरी पकडतं, धर्मसंकटात मात्र माणूस पडतो. (हां, 'मला धर्मसंकटात टाकू नकोस' म्हणतो आपण, पण तिथे समोरच्याचा डाव नसतो.)

'डार्क नाइट'मधल्या (२००८) दोन बोटी मला जास्त अवघड वाटतात. एकीवर साधे लोक, दुसरीवर कैदी, प्रत्येक बोटीवर समोरची बोट उडवायचं बटण, आणि बारापर्यंत कुणीच दाबलं नाही तर जोकर दोन्ही उडवणार. पटकन 'इकडे आड तिकडे विहीर' लिहावंसं वाटतं, पण त्या म्हणीत पडणारे आपणच असतो, दुसऱ्याला ढकलायचा सवाल त्यात नाही. पेच जोकरनेच टाकलाय, खरंय, पण आतल्या माणसांसाठी ते धर्मसंकट आहे. साध्या लोकांच्या बोटीवर तर मतदान होऊन दाबायच्या बाजूने बहुमत निघतं आणि तरी दाबायला उठलेल्या माणसाचा हात शेवटी होत नाही, तिकडे कैद्यांच्यातला एक दांडगा ते बटण मागून घेतो आणि सरळ खिडकीतून बाहेर टाकतो.

डिलेमाला शृंगापत्ती असाही एक शब्द आहे, तो अग्रलेखातच शोभतो. संस्कृतातली 'उभयतःपाशा रज्जुः' म्हणजे दोन्ही टोकांना फास असलेली दोरी मला फार आवडते, पण वाचकाला थांबवून समजवावी लागेल.

आणि पौराणिक वाटतं तर वाटू दे ना. कर्णपर्वात अर्जुनाची प्रतिज्ञा असते की गांडीव दुसऱ्याला दे असं जो म्हणेल त्याला मारीन, आणि नेमका युधिष्ठिरच ते बोलून बसतो. मग कृष्ण पळवाट काढतो की थोरल्याला अरेतुरे करून अपमान कर, तो मेल्यातच जमा. सिनेमावाले शेवटच्या मारामारीत जी तिसरी वाट काढतात ती यापेक्षा काय वेगळी असते?

तुमच्या शीर्षकाला 'नैतिक पेच' चालून जाईल, त्यात सगळेच प्रसंग बसतात. वांडा आणि स्टीव्हपाशी मात्र धर्मसंकटच लिहा, फक्त 'नैतिक धर्मसंकट' तेवढं नको, नीती त्या धर्मात आधीच आलीये.